वाजंत्री आपण उठवले, नाव मात्र कॅसेटचं



मागच्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर तिगावच्या जुन्या लग्नांबद्दल एक पोस्ट आली. लिहिणारे माझ्याच वयाचे आहेत, स्नेही आहेत, म्हणून नाव घेत नाही. पोस्ट वाचताना मलाही बरं वाटलं. हिरवा मांडव, पत्रावळीवरची वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठ्याची बादली घेऊन पळणारी पोरं, सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. पण शेवटी त्यांनी जे लिहिलं ते काही घशाखाली उतरलं नाही. १९९४ साली गावातल्या एका लग्नात इंग्रजी धांगडधिंग्याची कॅसेट वाजली आणि त्या दिवसापासून आपल्या गावची संस्कृती बुडाली, असं त्यांचं म्हणणं. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. "अगदी बरोबर भाऊ", "मनातलं बोललात", "पोट्टे बिघडले ते तिथूनच". मी पण घाईत अंगठा दाबून बसलो होतो. रात्री झोप लागेना, तेव्हा उठून काढून घेतला.

कारण ते लग्न आमच्याच घरचं होतं. पुतणीचं. कॅसेट माझ्या पुतण्यानं आणली होती. आणि त्या लग्नाचा रोख पैसा माझ्याकडे होता, कारण "तू बँकवाला, हिशेब तूच पाय" असं दादांनी ठरवून टाकलं होतं. तेव्हा त्या दिवशी काय झालं हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणारा माणूस या ग्रुपवर दुसरा नाही. लिहितो. लांब आहे, पण वाचा. राग आला तर येऊ द्या.

आधी ती कॅसेट.

पुतण्या तेव्हा नागपूरला शिकायला होता. तिथं केबल आलं होतं. डिशच्या छत्रीतून परदेशी गाण्यांचे चॅनेल घरोघरी दिसायला लागले होते. पोरं सीताबर्डीवर जाऊन कॅसेटा घ्यायची, नाही जमलं तर एकमेकांच्या भरून घ्यायची. त्यानं आणलेली कॅसेट अशीच भरलेली. त्यात सहा-सात गाणी होती, पण वाजलं ते मुख्यतः एकच, पुन्हा पुन्हा, रिवाइंड करकरून. डॉक्टर अल्बान नावाच्या गायकाचं 'इट्स माय लाईफ'. १९९२ चं गाणं. युरोपात अनेक देशांत पहिल्या नंबरवर, इंग्लंडात दुसऱ्या नंबरापर्यंत गेलेलं. आपल्याकडे यायला दीड-दोन वर्षं लागली, आणि तिगावच्या मारुतीसमोर वाजलं तेव्हा मे महिना होता, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

मांडवात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का म्हनते रे बावा तो?" पुतण्या म्हणाला, "हे माझं आयुष्य आहे, कोणी मधात बोलू नका, असं म्हनते." दादा लगेच म्हणाले, "मंग यात नवीन का आहे? हे तर तुझी आई रोज म्हनते." सगळे हसले. वहिनी पण हसली.

हे मुद्दाम सांगतो. त्या दिवशी कोणाला संस्कृतीची चिंता वाटल्याचं मला तरी दिसलं नाही. चिंता वाटायला तीस वर्षं लागली.

आता त्या गायकाबद्दल. मला काय माहीत असणार, मी बी.कॉम. माणूस. पण आज पुतण्या पुण्याला आहे, स्वतःच्या डोक्यावरचे केस गेले, तरी हे गाणं त्याच्या मोबाईलमध्ये आहे. त्याच्याकडून ऐकलं आणि मग थोडं वाचलं. हा अल्बान मूळचा नायजेरियाचा. दाताचा डॉक्टर व्हायला स्वीडनला गेला. शिक्षणाचा खर्च भागेना, म्हणून स्टॉकहोमच्या एका क्लबात रात्री रेकॉर्डी वाजवायला लागला. म्हणजे आज ज्याला आपण डीजे म्हणतो तेच काम. वाजवता वाजवता मधात स्वतः बोलायचा, गायचा. १९९० मध्ये पहिलं गाणं निघालं. दाताची पदवी पण घेतली, नावापुढचं 'डॉक्टर' खरं आहे. त्याची सुरुवातीची गाणी ज्यानं बांधली तो डेनिझ पॉप नावाचा स्वीडिश माणूस, तो पण आधी डीजेच.

त्या काळात युरोपात अशा गाण्यांची मोठी लाट होती. सगळ्यांची बांधणी साधारण सारखी. यंत्रावरचा ढोल, मिनिटाला एकशे वीस ते एकशे चाळीस ठोके, प्रत्येक ठोका सारखा, सम कुठं ते शोधायची गरज नाही. वर कीबोर्डचा एक छोटा तुकडा, जो एकदा ऐकला की दिवसभर डोक्यातून जात नाही. एक जण बोलल्यासारखं गाणार, आणि धृपद एखादी बाई किंवा बायांचा घोळका उचलणार. भाषा कळली नाही तरी पाय कळतो. म्हणून ते जर्मनीत चाललं, नागपुरात चाललं आणि तिगावातही चाललं.

गाणं चांगलं की वाईट, या भानगडीत मी पडत नाही. मला स्वतःला अर्ध्या तासानं डोकं धरल्यासारखं झालं होतं. पण आवडलं नाही ही एक गोष्ट आणि त्यानं संस्कृती बुडवली ही दुसरी. पहिलीचा तुम्हाला हक्क आहे. दुसरीचा पुरावा द्यावा लागेल.

म्हणे, गाणं परदेशी होतं.

बरं. मग आपल्या भजनी मंडळातली पेटी कुठली? हार्मोनियम हे फ्रान्समध्ये १८४० च्या आसपास निघालेलं वाद्य आहे. हातानं भाता मारायची पेटी नंतर इकडे कलकत्त्याला तयार झाली. ती इतकी परकी वाटायची की आकाशवाणीनं १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षं तिला बंदी घातली होती. आणि आपण तिच्यावर राष्ट्रसंतांची भजनं म्हणत होतो, खंजेरीच्या सोबतीनं. भजन बाटलं का?

बँडबाजा कुठला? पांढुर्ण्याहून बँड आणला की मुलीच्या बापाची छाती फुगायची. लाल कोट, सोनेरी फीत, पितळी कर्णे, क्लॅरिनेट. सगळी इंग्रज पलटणीची नक्कल. पलटणीत जे वाजायचं ते वरातीत आलं. आपण म्हटलं का की कंपनी सरकारची वाद्यं आमच्या नवरदेवापुढं नकोत?

आणि नागीण! वरातीत रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळणारे या ग्रुपवर किमान दहा जण आहेत, मी नावं सांगू शकतो, सांगत नाही. ती 'नागिन' सिनेमातली बीन, १९५४ सालची, संगीत हेमंतकुमारांचं. ती बीन खऱ्या पुंगीवर वाजलेलीच नाही. कल्याणजींनी ती क्लेव्हायोलिन नावाच्या वाद्यावर वाजवली. क्लेव्हायोलिन म्हणजे विजेवर चालणारं, फ्रान्समध्ये निघालेलं कीबोर्ड. म्हणजे युरोपच्या विजेच्या यंत्राचा आवाज आपल्या वरातीत डॉक्टर अल्बानच्या चाळीस वर्षं आधी आला होता, आणि तुम्ही त्यावर लोळला होता. तेव्हा संस्कृती कुठं गेली होती?

आणखी एक. बँडवाले वाजवायचे काय? हिंदी सिनेमातली गाणी. मराठी गाणं त्या बँडवर मी तरी क्वचितच ऐकलं. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर गेलं मुंबई राज्यात, आणि आपण पांढुर्णा-सौंसरवाले राहिलो मध्यप्रदेशात. शाळा हिंदीतून शिकलो, बँकेची परीक्षा इंग्रजीतून दिली, बायकोशी भांडलो मराठीतून. इतकं सगळं पचवून ज्यांची मराठी टिकली, त्यांची संस्कृती एका चार मिनिटांच्या गाण्यानं बुडते? आपणच आपल्याला इतकं हलकं समजू नये.

मग खरंच काही गेलं नाही का? गेलं. वाजंत्री गेले. सनई गेली. डफडं फक्त पोळ्याला आणि मयतीला उरलं, आणि तेही किती दिवस, सांगता येत नाही. माझ्या स्नेह्यांना जे दुःख होतं ते खोटं नाही. मला भांडायचं आहे ते एवढ्याच गोष्टीवर की ते घालवलं कोणी. त्यासाठी त्या लग्नाचा हिशेब मांडतो.

वाजंत्री गावातलेच होते. कोणत्या वस्तीतले, ते लिहायची गरज नाही, तिगावच्या माणसाला विचारावं लागत नाही. सहा जण. सनई, सूर धरणारा, दोन डफडी, एक ढोल, एक झांज. सनई वाजवणारे बाबा तेव्हा साठीच्या पुढचे होते. माझ्या स्वतःच्या लग्नात त्यांनीच वाजवलं होतं, आणि माझ्या वडिलांच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी.

बिदागी ठरली अकराशे रुपये. एकशे एक रुपया विसार मी माझ्या हातानं दिला. काम ठरलं ते सकाळपासून मुलगी वाटी लागेपर्यंत.

वऱ्हाड आलं नरखेडकडून. जानोशापासून वाजंत्री पुढं, नवरदेव मागं, असे निघाले. मारुतीपर्यंत आले. तिथं नवरदेवाच्या दोस्तांनी आमच्या पुतण्याला गाठलं. भाड्याचा डेक, दोन खोकी आणि जनरेटर ट्रॉलीवर तयारच होतं. कोणीतरी ओरडलं, "बंद करा ना ते पीपी!" बाबांनी सनई तोंडातून काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खूण केली, थांबा. बस, एवढंच. नंतर ते गाणं सुरू झालं.

वाजंत्री त्यानंतर लिंबाखाली जाऊन बसले. मंगलाष्टकं झाल्यावर वाजवायला एकदा बोलावलं, पाचेक मिनिटं. मग पुन्हा लिंबाखाली. पंगती उठत गेल्या. त्यांना जेवायला बसवलं तेव्हा चार वाजले होते आणि बुंदी संपली होती. वहिनींनी घरातला गूळ पाठवला, हे त्यांचं मोठेपण. पण बसवलं कुठं? मांडवात नाही. मांडवाच्या मागं, गोठ्याच्या बाजूनं. जिथं आधीपासून बसवत होतो तिथंच. ती जागा काही कॅसेटनं ठरवली नव्हती.

संध्याकाळी बाबा पैसे घ्यायला आले. मी बँकवाला ना. हिशेब केला. ठरलं होतं दिवसभर, वाजवलं दीड तास. विसार गेला होता एकशे एक. मी आणखी चारशे त्यांच्या हातावर ठेवले. म्हटलं, "बाबा, अर्धंच काम झालं."

त्यांनी पैसे मोजले नाहीत. म्हणाले, "सायेब, वाजवलं तेवढं मोजलं तुमी. बसवून ठेवलं ते नाई मोजलं."

आणि गेले. मी त्यांना परत बोलावलं नाही. अकराशेत पाचशे एक. पाचशे नव्व्याण्णव रुपये त्या लग्नाच्या वहीत 'बचत' म्हणून लिहिले आहेत, माझ्या अक्षरात. वही अजून घरी आहे. त्याच लग्नात डेक आणि जनरेटरवाल्याला मी पंधराशे रुपये मोजले होते, रात्रीच, न मागता, कारण तो बाहेरचा होता, ओळखीचा नव्हता.

आता सांगा, सनई कोणी बंद केली? स्वीडनमध्ये बसलेल्या दाताच्या डॉक्टरनं? की मारुतीसमोर ज्यानं हातानं खूण केली त्यानं?

कोणी म्हणेल, तुम्ही एकट्यानं केलं, सगळ्या गावाला का ओढता? बाप्पा, आपापल्या घरची लग्नं आठवा. बिदागी ठरवताना घासाघीस कोणी नाही केली? "नंतर ने", "संत्र्याचे पैसे आले की देतो" असं कोणी नाही म्हटलं? वाजंत्र्याला पहिल्या पंगतीत बसवलेलं एक लग्न या ग्रुपवर कोणी सांगावं. मी हार मानीन. आपल्याला सनई हवी होती, सनई वाजवणारा नको होता. यंत्र आलं आणि ती सोय झाली. डेकला पंगतीत बसवावं लागत नाही, एवढाच त्याचा गुण.

आणि वाजंत्र्यांच्या बाजूनंही पाहा. १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, त्यानंतर आपल्या भागात किती तरी लोकांनी गावकीची कामं सोडली. त्यात वाजवणं पण आलं. मान नाही तिथं वाजवायचं नाही. त्यांनी सोडलं ते योग्यच केलं. तेव्हा "परंपरा मोडली" म्हणून गावात कुरकुर झाली होती, ती मी लहानपणी ऐकली आहे. ज्यांनी नंतरही वाजवलं ते पोटासाठी किंवा सनईवरच्या जिवासाठी. त्यांना आपण काय दिलं, ते वर लिहिलं.

खरं तर माझी शंका आहे की त्या दिवशी काही जणांना लागलं ते गाण्याचं नाहीच. त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या घरच्या पोरी अंगणात सगळ्यांसमोर नाचल्या. बँडपुढं फक्त पुरुष नाचायचे, बाया ओट्यावरून पाहायच्या. डेक मांडवात आला, गाण्यातला आवाज बाईचा, भाषा कोणालाच कळत नव्हती त्यामुळे लाजायचं कारण नाही, आणि पोरी उठल्या. माझी मुलगी पण. तेव्हा ती पंधरा वर्षांची. हे कोणाला डाचलं असेल तर त्यानं तसं सरळ लिहावं. कॅसेटच्या आड लपू नये.

आता या गोष्टीचा पुढचा भाग, जो माझ्या स्नेह्यांना माहीत नाही.

१९९६ मध्ये माझी बदली आपल्याच भागातल्या एका शाखेत झाली. पंतप्रधान रोजगार योजना तेव्हा जोरात होती. २ ऑक्टोबर १९९३ ला सुरू झालेली, शिकलेल्या बेरोजगारांसाठी, एक लाखापर्यंतचा प्रकल्प, अनुदान पंधरा टक्के पण जास्तीत जास्त साडेसात हजार. अर्ज छिंदवाड्याच्या जिल्हा उद्योग केंद्रातून यायचे. एक अर्ज आला, साउंड सर्व्हिससाठी. अॅम्प्लिफायर, चार खोकी, डबल डेक, माइक, छोटा जनरेटर. एकूण बासष्ट हजार. अर्जदार मॅट्रिक. पत्ता तिगाव. आडनाव वाचलं आणि कळलं, सनईवाल्या बाबांचा मुलगा.

मी काय केलं? फाईल दोन महिने ठेवली. लिहून काही नकार दिला नाही, तेवढा मी हुशार होतो. त्याला समजावत राहिलो, किराणा टाक, शेळ्या घे, गाणं वाजवणं हा काय धंदा आहे? तो उभ्या उभ्या ऐकायचा. एकदा म्हणाला, "साहेब, आमी वाजवनारेच आहो. यंत्र बदललं, धंदा तोच." मी काही बोललो नाही. लग्नाचा विषय त्यानं काढला नाही आणि मी पण नाही काढला. शेवटी वरून विचारणा आली तेव्हा मंजूर केलं.

डॉक्टर अल्बानची गोष्ट वाचली तेव्हा मला हीच फाईल आठवली. परक्या देशातून आलेला एक मुलगा रात्री रेकॉर्डी वाजवतो, तिथं कोणी त्याला क्लब उघडून देतो, कोणी स्टुडिओ, आणि त्याचं नाव होतं. इथं तीन पिढ्या गावाची लग्नं वाजवणाऱ्याचा मुलगा रेकॉर्डी वाजवायला मशीन मागतो, तर गावचाच साहेब त्याला शेळ्या घे म्हणतो.

आणि परतफेड? हप्ता कधी चुकला नाही. मुदतीच्या आधी खातं बंद केलं. त्याच शाखेत १९९० च्या कर्जमाफीत दहा हजारापर्यंतचं सुटलेले कितीतरी मोठे लोक नवीन कर्ज घेऊन पुढच्या माफीची वाट पाहत बसले होते. त्यातले काही आज संस्कृतीवर लिहितात. यापेक्षा जास्त बोलत नाही, बँकेची शिस्त आहे.

आज त्याचा मुलगा, म्हणजे सनईवाल्या बाबांचा नातू, डीजे आहे. आपल्या पंचक्रोशीत ज्याला तुम्ही "तो डीजेवाला पोट्टा" म्हणून शिव्या देता, तोच. म्हणजे वाजंत्री गेले नाहीत मंडळी. त्यांनी यंत्र बदललं. तुम्ही शिव्या देता त्या वाजंत्र्याच्या नातवालाच देता. आजोबाला गोठ्यामागं बसवलं, बापाला शेळ्या घे म्हटलं, आणि नातवाला संस्कृती बुडवणारा म्हणायचं!

आवाजाची तक्रार मात्र खरी आहे, ती मी टाळत नाही. माझंही वय झालं, छातीत धडधडतं, खिडकीची काच थरथरते. आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारनं नियमाबाहेरच्या लाऊडस्पीकर-डीजेवर पुन्हा आदेश काढला. आणि हे डेसिबल साधं व्याज नाही, चक्रवाढ आहे. दहानं वाढलं की आवाजाची ऊर्जा दहापट. ५५ चे ८५ झाले म्हणजे तीस वाढले असं नाही, ऊर्जा हजारपट झाली. कानावर आणि हृदयावर त्याचा परिणाम होतोच.

पण बटण कोणाच्या सांगण्यावरून फिरतं? यंदा फेब्रुवारीत माझ्या नातवाच्या लग्नात याच पोराचा डीजे होता. मी काठी टेकत गेलो, म्हटलं, "बेटा, थोडा कमी कर." त्यानं लगेच कमी केला. "हो आबाजी" म्हणाला. मी जाऊन खुर्चीवर बसतो न बसतो तोच आवाज पुन्हा वाढला. पाहिलं तर त्याच्याजवळ उभे कोण? आपलेच. माझे व्याही, माझा भाचा आणि या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकणारे एक गृहस्थ. त्याला म्हणत होते, "पैसे काहेके दिये? बढा!" पोरगा माझ्याकडे पाहत होता. तसंच, जसं त्याच्या आजोबांनी मारुतीसमोर पाहिलं होतं.

या वेळी मी उठलो. पुन्हा गेलो. व्याह्यांना सांगितलं, दहा वाजले, बंद. थोडं वाईट वाटलं त्यांना. वाटू द्या.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. आवाज मोठा असेल तर आवाजावर बोला, आणि ज्यानं पैसे दिले त्या यजमानाला बोला, कारण तो बहुतेक आपल्याच पंगतीतला असतो. सनई हवी असेल तर सनई शिकणाऱ्याला पैसे द्या. आपल्या भागात अजून दोन-चार म्हातारे हात आहेत, त्यांच्यानंतर नाहीत. लग्न ठरलं की हॉल आणि केटरर्सच्या आधी त्यांना विसार द्या. दिवसभराची बिदागी ठरली असेल तर दिवसभराची द्या, वाजवलं किती ते मोजू नका. जेवायला पहिल्या पंगतीत बसवा, मांडवात. हे करायला कोणत्याही गाण्यावर बंदी लागत नाही. हे एवढं जो करील त्यानं मग परदेशी गाण्याला खुशाल शिव्या द्याव्या, मी ऐकून घेईन.

बाबा २००३ च्या सुमारास गेले. पाचशे नव्व्याण्णव रुपये मी त्यांना दिले नाहीत. त्यांच्या मुलाला द्यायला एकदा गेलो होतो, रिटायर झाल्यावर. पाकीट घेतलं नाही त्यानं. म्हणाला, "ते बाबाचे होते साहेब, मी कसे घेऊ." चहा पाजला. ओट्यावर सनई टांगलेली होती, कापडात गुंडाळून. मी विचारलं, कोणी वाजवते का? म्हणाला, "पोरगा कधीकधी फुंकते. त्याले आजोबाचा सूर मशीनमधे भरायचा आहे."

भरू दे. आणि पुढच्या लग्नात वाजला तर "बंद करा ते पीपी" म्हणू नका.

पटलं नाही तर खाली लिहा. मी उत्तर देईन. पण आधी आपापल्या घरच्या लग्नाची वही काढून बिदागीचा आकडा पाहा, मग लिहा.